मऊ रानात ट्रॉली रुतते, रुंद टायर घ्यावा का?



हंगाम सुरू झाला की शेतकी कार्यालयात एक तक्रार हटकून ऐकू येते. "साहेब, तोड झालीय, मोळ्या बांधून पडल्यात, पण ट्रॉली रानातच बसलीय. दुसरा ट्रॅक्टर लावला तर तोही रुतला." परतीचा पाऊस लांबला की काळ्या रानाला दिवाळी उलटली तरी वाफसा येत नाही. ऊस तर तुटलेला असतो. तुटलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितके वजन घटते, उताराही घटतो. मग काहीही करून गाडी बाहेर काढायची म्हणून सारे रान तुडवले जाते. त्याची भरपाई पुढच्या वर्षी खोडवा करतो, म्हणजे खरे तर आपणच करतो.

अलीकडे बरेच सभासद विचारू लागले आहेत की ट्रॉलीला रुंद टायर बसवले तर ही कटकट मिटेल का? हार्वेस्टरबरोबर चालणाऱ्या इनफिल्डरला असे जाडजूड टायर असतात, ते पाहून हा विचार डोक्यात येतो. प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर नुसते "हो" किंवा "नाही" असे नाही. नीट समजून बसवले तर फायदा आहे, न समजता बसवले तर पैसे जातात आणि प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहीत आहोत. हिशोब सोपा आहे, पाटी-पेन्सिल घेऊन कुणालाही करता येईल.

चाक रुतते म्हणजे काय होते?

शेतातून अनवाणी चालताना पाय फारसा रुतत नाही. त्याच रानात टोकदार काठी टेकली की ती हातभर आत जाते. माणसाचे वजन काठीवरच्या जोरापेक्षा किती तरी जास्त, तरी असे का? कारण माणसाचे वजन दोन पावलांवर पसरलेले असते, काठीचा सगळा जोर एका टोकावर येतो. जमीन नुसते वजन बघत नाही, दर चौरस सेंटिमीटरला किती भार आला ते बघते. तो भार जमिनीला सोसला नाही की चाक खाली जाते, आणि पुरेशी जमीन त्याच्याखाली येईपर्यंत जातच राहते.

हवेच्या टायरचा एक नियम लक्षात ठेवला तर निम्मे काम झाले. टायरमध्ये जितका हवेचा दाब, जवळजवळ तितकाच दाब टायर जमिनीवर देतो. टायरची भिंत कडक असल्याने थोडा जास्तच देतो, कमी नाही.

उदाहरण घेऊ. भरलेल्या ट्रॉलीचे काट्यावरचे एकूण वजन १० टन आहे असे समजा. चार चाके, म्हणजे एका चाकावर अडीच टन, २,५०० किलो. टायरमध्ये ९० पौंड हवा आहे. ९० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६.३ किलो. आता २,५०० ला ६.३ ने भागा. उत्तर येते सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे अडीच टनांचे ओझे वीस बाय वीस सेंटिमीटरच्या, वीतभर चौकोनावर उभे आहे!

हवा ४० पौंड, म्हणजे सुमारे २.८ किलो असती, तर तेच ओझे जवळजवळ ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरले असते. तीस बाय तीसचा चौकोन. जमीन तीच, वजन तेच, पण दर चौरस सेंटिमीटरचा भार निम्म्याहून कमी.

मग हवाच कमी का करू नये?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. काही गाडीवान तसे करतातही. पण अरुंद टायर हा जास्त हवेवरच वजन पेलण्यासाठी बनवलेला असतो. त्यातली हवा काढली आणि वजन तेवढेच ठेवले तर टायरची भिंत दर फेऱ्याला दुमडते, तापते, आतली दोरी तुटते. ट्यूब रिमवर सरकते आणि व्हॉल्व्ह मुळापासून उखडतो. रानातून ट्रॉली बाहेर आली, पण कारखान्याच्या वाटेवर टायर फुटला, असे मग होते.

रुंद टायरचे खरे महत्त्व इथे आहे. त्याच्या पोटात हवा जास्त मावते, म्हणून तेच वजन तो कमी दाबावर पेलतो. रुंदी हे साधन आहे, कमी दाब हा खरा लाभ आहे.

हे नीट न समजल्याने होणारी चूक आमच्या पाहण्यात आहे. एका सभासदाने हौसेने रुंद टायर बसवले आणि गॅरेजवाल्याने सवयीप्रमाणे त्यात पूर्वीइतकीच हवा ठासली. हंगामभर ट्रॉली पूर्वीसारखीच रुतत राहिली आणि सभासद म्हणू लागले, "टायरवाल्याने फसवले." फसवले कुणीच नव्हते. दाब तोच ठेवला तर टेकणारी जागाही तेवढीच राहते, फक्त तिचा आकार बदलतो. लांबट होती ती आडवी होते, एवढेच.

रुंदी आणि उंची

आपल्या जुन्या लाकडी गाडीची धाव जेमतेम दोन-अडीच इंच रुंद असे, पण चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे उंच. आपल्या सुतार-लोहारांनी ते उगाच केले नव्हते. उंच चाक खड्ड्यावरून, ढेकळावरून सहज चढते. लहान चाकापुढे मातीचा बांध उभा राहतो आणि बैलांना तो बांध सतत ढकलावा लागतो. तेव्हा दोन टायर सारख्याच रुंदीचे मिळत असतील आणि ट्रॉलीखाली जागा असेल, तर उंच टायर घ्यावा. रुंद घेताना उंची कमी झाली तर एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने गेले.

टायरवरचे आकडे वाचायला शिका. ९.००-१६ असे लिहिले असेल तर रुंदी सुमारे ९ इंच आणि रिमचा व्यास १६ इंच. ४००/६०-१५.५ असे असेल तर रुंदी ४०० मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, आणि रिम साडेपंधरा इंचांची. या दोन टायरांची बाहेरची उंची जवळपास सारखीच, साधारण ८८ ते ८९ सेंटिमीटर भरते, पण दुसऱ्याची रुंदी पावणेदोन पट आहे. म्हणूनच ट्रॉलीसाठी त्याचा विचार होतो.

आणखी एक गोष्ट. ओढल्या जाणाऱ्या चाकाला ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखी उंच नक्षी लागत नाही. ती नक्षी जमिनीला पकडून पुढे ढकलण्यासाठी असते. ट्रॉलीचे चाक नुसते मागे येते. त्याला साधी, उथळ नक्षी चांगली. खोल नक्षीत चिखल भरतो आणि तो सगळा रस्त्यावर सांडतो.

बसवताना कुठे चुकते?

पहिली चूक रिमची. ९.००-१६ चा टायर सहा-साडेसहा इंच रुंदीच्या रिमवर बसतो. ४००/६०-१५.५ ला १३ इंच रुंद रिम लागते, शिवाय व्यासही अर्धा इंच कमी. म्हणजे जुनी रिम चालणारच नाही, सबंध चाक बदलावे लागते. अरुंद रिमवर रुंद टायर कसाबसा चढवला तर तो फुग्यासारखा मध्ये फुगतो, मधल्या पट्टीवरच चालतो आणि वळणावर लचकतो. टायर आणि रिम ही जोडी आहे, दोन्हीची किंमत धरूनच सौदा करा.

दुसरी चूक जागेची. रुंद चाक आतल्या बाजूला पाट्यांना, चॅसीला किंवा पुढच्या फिरत्या आसाच्या टर्नटेबलला घासते. भरल्यावर पाटे दबतात, तेव्हा वरची जागाही कमी होते. रिकाम्या ट्रॉलीत मोकळे फिरणारे चाक भरल्यावर घासू शकते. भरलेली ट्रॉली उभी करून, पुढचा आस दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, चारही चाकांभोवती निदान तीन बोटे जागा राहते का ते पाहावे.

तिसरी चूक यातूनच होते. चाक आत घासते म्हणून डिस्क उलटी करून चाक बाहेर काढतात. दिसायला सोपे, पण अडीच टनांचे ओझे मग बेअरिंगच्या बाहेर लोंबते. ५ सेंटिमीटर बाहेर गेले तरी आसाच्या टोकाला पिळवटणारा जोर बराच वाढतो. खड्ड्यात चाक आदळले की तो आणखी वाढतो. बेअरिंग वारंवार जाते, नट ढिले होतात, आणि शेवटी आसाचे टोक तुटते. तेही बहुधा भर रस्त्यात, ऊस भरलेला असताना. चाक बाहेर काढायचेच असेल तर आस आणि हब त्या ताकदीचे हवेत. हे काम माहितगार फिटरकडूनच करून घ्यावे.

चौथी गोष्ट कागदाची. ट्रॅक्टर-ट्रेलरची नोंदणी झालेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलापेक्षा वेगळा बदल वाहनात मनाने करता येत नाही. आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. अपघात झाला तर विम्याच्या वेळी हाच मुद्दा निघतो. चाके साटीच्या बाहेर आली असतील तर मागून येणाऱ्याला रात्री दिसावे म्हणून रिफ्लेक्टरही त्या मापाने बाहेर लावावेत.

जिवाचा प्रश्न

ही सूचना मोठ्या अक्षरात वाचावी. टायर चढवलेला असताना रिमला वेल्डिंग कधीही करू नये, हवा काढलेली असली तरी करू नये. आतली हवा आणि रबराचा वायू तापून टायर बॉम्बसारखा फुटतो. लॉक रिंग असलेल्या चाकात हवा भरताना रिंगच्या समोर उभे राहू नये, लांब नळी वापरावी आणि शक्यतो चाक पिंजऱ्यात ठेवावे. तडा गेलेली किंवा वाकलेली रिंग ठोकून बसवू नये. पन्नास-शंभर रुपये वाचवण्यासाठी घरातला कर्ता माणूस गमावू नका.

रानाचे काय?

आता खोडव्याकडे येऊ. काळी माती ओली असताना लोण्यासारखी दबते. दबली की मातीतल्या पोकळ्या बंद होतात. पाणी खाली जात नाही, हवा आत येत नाही. मातीत निदान दहा टक्के तरी हवेची जागा राहिली नाही तर मुळे गुदमरतात. खोडव्याची फूट ट्रॉली जिथून गेली त्या पट्ट्यात पिवळी आणि विरळ दिसते, ती यामुळे. तिथे खताचा हप्ता वाढवून उपयोग नसतो. तोंडच बंद असेल तर घास भरवून काय होणार?

रुंद टायर आणि कमी हवा यांमुळे वरच्या थरातला हा दाब कमी होतो. पण स्पष्ट सांगितले पाहिजे की खोलवर, हातभर खाली पोचणारा दाब हा मुख्यतः एकूण ओझ्यावर ठरतो. चाक कितीही रुंद करा, आसावर जास्त टन लादले की खालचा थर दबणारच. वरचा थर नांगराने मोकळा होतो, खालचा होत नाही. म्हणून "आता रुंद टायर आहेत, आणखी दोन टन भरा" असे करू नये. बरेच जण नेमके हेच करतात आणि फायदा घालवून बसतात.

दुसरे असे की, चाकाची पहिलीच फेरी सर्वांत जास्त नुकसान करते. त्याच वाटेवरून दुसरी, तिसरी फेरी गेली तर नुकसान थोडेच वाढते. म्हणून रानात दर वेळी नवी वाट पाडू नये. एक चाकोरी ठरवून सगळ्या फेऱ्या तिच्यावरूनच कराव्यात. थोडी जमीन बिघडेल, पण बाकीची वाचेल.

तिसरा मुद्दा सरीचा. तीन फुटी सरीत दोन ओळींमधली मोकळी जागा जेमतेम हात-सव्वा हात. त्यात ४०० मिलिमीटरचा टायर घातला तर तो बुडख्यांवर चढणारच. फूट चिरडते, आणि कापलेले टोकदार बुडखे टायरच्या भिंतीत घुसतात ते वेगळे. चार-साडेचार फुटांच्या सरीत असा टायर सांभाळून नेता येतो, पाच फुटी पट्ट्यात आरामात जातो. टायर घ्यायच्या आधी आपल्या सरीचे अंतर आणि ट्रॉलीच्या दोन चाकांमधले अंतर टेपने मोजा. ज्यांची सगळी लागण तीन फुटी आहे त्यांनी आधी लागणीचे अंतर बदलावे, टायरचे मागाहून बघावे.

टायरगाडीवाल्यांसाठी

आपल्याकडे आजही बराच ऊस टायरबैलगाडीने येतो. गाडीवानांनी हा हिशोब जरूर पाहावा. बैलजोडीचे वजन ८०० किलो धरले तर ती दिवसभर न थकता साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ८० किलो जोराने ओढू शकते. गाडीसह दोन टन ओझे डांबरी रस्त्यावर चालवायला ४० ते ६० किलोचा जोर पुरतो. तेच ओझे मऊ रानात ओढायला २०० किलोच्या आसपास जोर लागतो. बैल थोडा वेळ तोही लावतो, गुडघे टेकून लावतो, पण त्याची खांदेसूज आणि लंगडणे नंतर आपल्यालाच निस्तरावे लागते.

तेव्हा रानात गाडी अर्धीच भरावी, बांधावर किंवा पाणंदीला आणून पुरी करावी. दोन फेऱ्या झाल्या तरी बैल वाचतो. जनावरांवरील ओझ्याची कमाल मर्यादा १९६५ च्या नियमांत घालून दिली आहे आणि ती चाकाच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळी आहे, हेही ध्यानात असावे. बैलगाडीच्या ठरीव टायरऐवजी भलते टायर बसवू नयेत. चाकाचे वजन वाढते आणि रस्त्यावर गाडी जड चालते.

रस्त्यावर तोटा किती?

मऊ टायर कठीण रस्त्यावर थोडा जड चालतो. रानात दोनशे मीटर आणि रस्त्यावर पंचवीस किलोमीटर अशी फेरी असेल तर डिझेल आणि टायरची झीज यांचा विचार करावाच लागतो. टायर कंपनीच्या तक्त्यात वेग आणि वजनाप्रमाणे हवेचा दाब दिलेला असतो. ताशी १० किलोमीटरला चालणारा दाब ताशी ३० किलोमीटरला चालत नाही. रानात कमी हवा ठेवली असेल तर पाणंद संपताच तक्त्याप्रमाणे हवा भरूनच रस्त्याला लागावे. त्यासाठी दाब मोजायचे मीटर जवळ हवे. पायाने लाथ मारून किंवा हातोडी वाजवून हवा कळत नाही.

आणि चाक रुंद झाले म्हणून ब्रेक वाढले असे समजू नये. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर गाडी तेवढ्याच जोराने मागून रेटते.

घरच्या घरी करायची परीक्षा

खर्च करण्याआधी एवढे करून पाहा. काट्याच्या पावतीवरून भरलेल्या ट्रॉलीचे एकूण वजन घ्या आणि चाकांच्या संख्येने भागा. भरलेली ट्रॉली कठीण जागी उभी करा. एक चाक जॅकने उचला, टायरच्या खालच्या भागाला चुना किंवा ओला गेरू फासा, खाली पुठ्ठा ठेवा आणि चाक त्यावर टेकवा. उमटलेल्या ठशाची लांबी-रुंदी मोजून गुणाकार करा. चाकावरचे वजन त्याने भागले की जमिनीवरचा दाब मिळतो. जॅक लावण्यापूर्वी बाकीच्या चाकांना दगड लावायला विसरू नका आणि ट्रॉलीखाली कुणीही जाऊ नका.

रानातली परीक्षा आणखी सोपी. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर वाफसा नाही. गोळा होऊन हलक्या दाबाने फुटली तर गाडी न्यायला हरकत नाही. पहिल्या फेरीची चाकोरी दोन इंचांपेक्षा खोल गेली तर तिथेच थांबा, ओझे कमी करा. तोडणीच्या आधी पाण्याची शेवटची पाळी कधी द्यायची हे आपल्याच हातात आहे. भारी जमिनीत ती लवकर तोडली तर निम्मी रुतारूत आपोआप टळते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

सारांश

ज्यांचे रान काळे, खोलगट, रस्त्यापासून लांब आहे, सरी चार फुटांच्या पुढे आहे आणि ट्रॉलीचा आस दमदार आहे, त्यांना रुंद टायरचा विचार करायला हरकत नाही. मळी किंवा कंपोस्ट खत रानात पसरायची ट्रॉली आणि पाण्याचा टँकर बहुतेक वेळ मऊ जागेतच फिरतात. त्यांना तर हे टायर अधिक उपयोगी. ज्यांचे रान रस्त्याला लागून किंवा मुरमाड आहे त्यांनी हा खर्च करू नये. पाण्याची पाळी, अर्धे ओझे, ठरलेली चाकोरी आणि योग्य हवा, एवढ्यावर त्यांचे काम भागेल.

रुतलेली ट्रॉली काढायला दोन ट्रॅक्टर, दहा माणसे आणि अख्खा दिवस जातो. तुडवलेले रान दुरुस्त व्हायला काही वर्षे लागतात. बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ नये म्हणून हंगामाच्या तोंडावर नव्हे, पावसाळ्यातच आपली ट्रॉली, आपली सरी आणि आपले रान यांची मापे घेऊन ठेवा. ती घेऊन गटकार्यालयात आलात तर हिशोब मांडून द्यायला आमचे कर्मचारी आनंदाने मदत करतील.

कळावे.